बास्केटबॉलमध्ये निवड झाली, पण खेळायला मिळेल का? मराठवाड्यातल्या नवख्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

"सर, पोरगं रोज पहाटं पाचला उठून खेळायलंय. पण ह्यात पुढं काही हाय का?"

कोर्टाच्या कडेला मोटारसायकल लावून असं विचारणारे वडील मला दरवर्षी भेटतात. पुढं आहे, नक्की आहे. पण संघात निवड होणं वेगळं आणि सामन्यात खेळायला मिळणं वेगळं, आणि आपल्याकडे सगळी धावपळ फक्त निवडीसाठी चालते. निवड झाली, पेपरात नाव आलं, गल्लीत पेढे वाटले. पुढे पोरगा चारही सामने बेंचवर बसून, कोरडा टी-शर्ट घालून परत आला, याची चौकशी कुणी करत नाही. हा लेख त्या कोरड्या टी-शर्टबद्दल आहे. तो घामानं भिजवायचा असेल तर कोणत्या क्रमानं काय करायचं, ते सांगतो.

आधी मिनिटांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना ४० मिनिटांचा असतो, दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. कोर्टवर एका वेळी पाच जण, म्हणजे संघाकडे वाटायला एकूण २०० मिनिटं. संघात असतात १२ जण. आता वाटप बघा. पहिल्या पाच जणांना सरासरी २८ मिनिटं धरली तर १४० गेली. सहावा, सातवा आणि आठवा यांना १५-१५ दिली की आणखी ४५. उरली १५ मिनिटं आणि खाणारी तोंडं चार. तीसुद्धा बहुतेक वेळा सामना हातचा गेल्यावर किंवा पक्का खिशात आल्यावर मिळतात.

वरच्या संघात गेलेला नवा खेळाडू याच चौघांत असतो. म्हणून पहिलं ध्येय स्टार व्हायचं ठेवू नका, आठवा व्हायचं ठेवा. बाराव्याचा आठवा होणं ही या खेळातली सगळ्यात अवघड चढण आहे. आठव्याचा पाचवा होणं त्या मानानं सोपं जातं, कारण तोवर प्रशिक्षकानं तुम्हाला अडचणीच्या वेळी पाहिलेलं असतं.

पार वरचं उदाहरण घ्या. पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातला सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच. एनबीए ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग. तिच्या २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डॅलस मॅव्हरिक्स संघानं त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. असा निवडला गेलेला तो पहिला भारतीय. देशभर बातम्या झाल्या. पण एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनडात जन्मलेला, पंजाबी आईबापांचा सिम भुल्लर सॅक्रामेंटो किंग्जकडून एनबीएत उतरला. साडेसात फुटांच्या आसपास उंची, आणि तीन सामने मिळून वाट्याला आली जेमतेम तीन मिनिटं. उलट जपानचा युकी कावामुरा, उंची सुमारे १७३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या कुठल्याही कॉलेजात सहज सापडेल एवढी. तो २०२४-२५ मध्ये मेम्फिस ग्रिझलीजकडून खेळला. उंचीमुळे दार उघडतं हे खरं आहे, पण आत गेल्यावर मिनिटं कशाच्या बळावर मिळतात ते पुढे येईलच.

पहिलं काम: टेप घेऊन मोजा

खेळाडूच्याही आधी रिंग मोजा. मी मनापासून सांगतोय. आपल्याकडच्या कितीतरी कोर्टवर पोरं लटकून लटकून रिंग पुढे झुकलेली असते, दोन-चार बोटं खाली आलेली असते. जमिनीपासून रिंगेची उंची ३.०५ मीटर हवी. खाली आलेल्या रिंगेवर वर्षभर हात बसवला की राज्य स्पर्धेत पहिले चार शॉट रिंगेच्या पुढच्या कडेला लागून परत येतात आणि पोराला वाटतं आपण घाबरलो. तो घाबरलेला नसतो, त्याचा हात चुकीच्या उंचीला बसलेला असतो. तीन गुणांची रेषाही तपासा. २०१० मध्ये ती ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली, पण जुन्या कोर्टवर रंग मारणारा अजून जुन्याच खुणेवरून मारतो. वेल्डिंगवाल्याकडून रिंग सरळ करून घ्यायला आणि एक डबा रंगाला फार पैसे लागत नाहीत. दोन पालकांनी मनावर घेतलं तर एका रविवारात काम होतं.

मग खेळाडूची मापं घ्या. अनवाणी उंची. दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंतची लांबी. भिंतीला टेकून हात वर करून एक खूण, बोटाला खडू लावून उडी मारून दुसरी खूण, आणि दोन्हींतलं अंतर. दम किती आहे ते बघायला कोर्टाची १५ मीटर रुंदी सतरा वेळा पळायची. मिनिटाच्या आसपास संपलं तर चांगलं. शेवटी शंभर फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे बिनविरोध शॉट, पण सलग नाहीत. दहा टाकायचे, कोर्टाच्या दोन फेऱ्या पळायचं, पुन्हा दहा. सामन्यात फ्री थ्रो मिळतो तेव्हा छाती धपापत असते, सरावही तसाच हवा. हे सगळं तारखेसकट वहीत लिहा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

जिल्ह्यातला सेंटर राज्यात गार्ड असतो

मराठवाड्यातल्या पोरांचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं, म्हणून इथं जरा थांबतो.

आपल्या शाळेत पाच फूट दहा इंचाचा पोरगा म्हणजे उंच. पीटीचे सर त्याला सातवीतच रिंगेखाली उभं करतात, म्हणजे सेंटर करतात. बॉल वर फेकायचा, त्यानं धरायचा, वळून टाकायचा. शाळा जिंकते, जिल्हा जिंकते, सगळे खूश. पोरगा राज्यस्तरावर जातो आणि समोर सहा फूट पाच इंचाचा मुलगा उभा राहतो. आता याला रिंगेखाली जागा नाही. बाहेर गार्ड म्हणून, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवायला, उभा करावा तर डाव्या हातानं ड्रिबल (बॉल आपटत नेणं) येत नाही, चालत्या पायानं पास देता येत नाही, लांबून शॉट कधी मारलेलाच नाही. पाच वर्षं खेळूनही तो त्या दिवशी नवखा असतो. मी स्वतः एका पोराचं असं नुकसान केलंय. तेव्हा मला जिल्ह्याची ढाल दिसत होती, त्याचं पुढचं वय दिसत नव्हतं. दहावीनंतर त्यानं खेळ सोडला. ती चूक मला आजही बोचते.

म्हणून आजच अंदाज बांधा. आईबापांची उंची, मुलाचं वय, वाढीचा वेग बघा. मुलगा सहा फूट तीन इंचांच्या पुढे जाण्याची चिन्हं नसतील तर शाळेच्या संघात तो भले सेंटर खेळो, पण रोजच्या सरावातला अर्धा वेळ त्याला गार्डचं काम शिकवा. डावा हात, मान वर ठेवून ड्रिबल, दाबाखाली बॉल अर्ध्या रेषेपलीकडे नेणं. नियमाप्रमाणे त्यासाठी आठ सेकंद मिळतात आणि चांगला बचाव असला की ती आठ सेकंदं संपता संपत नाहीत. मुलींच्या बाबतीत उंचीचा आकडा थोडा खाली येतो, बाकी हिशेब तोच.

प्रशिक्षक कुणाला उठवतो

बेंचवरून कुणाला उठवायचं हे ठरवताना प्रशिक्षक मनात एकच गोष्ट तपासतो: याला आत पाठवलं तर काय बिघडेल? पोरांना वाटतं तो गुण मोजतोय. गुण करणारे त्याच्याकडे आधीच पाच आहेत. त्याला त्या पाचांना दोन मिनिटं दम खाऊ देणारा, आणि तेवढ्या वेळात आघाडी न घालवणारा माणूस हवा असतो.

एका निवड शिबिरात आमच्या भागातले दोघं होते, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाला पहिल्या सराव सामन्यात तीन मिनिटं मिळाली. त्याला वाटलं, दाखवायची हीच वेळ. तीन मिनिटांत चार शॉट मारले, एक गेला. चौथा शॉट मारताना डाव्या कोपऱ्यात त्याचा साथीदार एकटा हात वर करून उभा होता. निवड समितीतल्या सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मुलगा परत आत गेला नाही.

मुलीलाही चारच मिनिटं मिळाली. तिनं एकदाही रिंगेकडे बॉल टाकला नाही. समोर तिच्याहून वीतभर उंच मुलगी होती. शॉट सुटला की ही बॉलकडे बघायचीच नाही. आधी वळायची, कंबर त्या उंच मुलीच्या मांडीला लावायची, गुडघे वाकवून तिला मागे रेटून धरायची. बॉल जमिनीवर पडायचा आणि आपल्या संघातली दुसरीच कुणी उचलायची. रिबाउंड दुसरीच्या नावावर, काम हिचं. आणि सगळ्या वेळात तिचा आवाज चालू होता: "डावीकडून स्क्रीन! माझी माझी! मागं बघ, कटर!" (स्क्रीन म्हणजे वाट अडवून उभं राहणं, कटर म्हणजे अचानक रिंगेकडे धावणारी.) ओठ सुकले होते, पण आवाज थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तिला अकरा मिनिटं मिळाली आणि शिबिर संपताना ती बारात होती.

तेव्हा नवख्यानं पहिली मिनिटं अशी खेळावीत. आत जाताना ज्याच्या जागी जाताय त्याला विचारा, कुणाला धरायचंय. पहिल्या हल्ल्यात शॉट मारायचा नाही, बॉल हातात आला तर सोपा पास. बचावात बुड खाली, आणि तोंड चालू. बाहेर जाईपर्यंत फाउल पाच असतात म्हणून सुरुवातीलाच दोन उधळायचे नाहीत. शॉट मोकळा मिळाला तर मात्र मागे हटायचं नाही, मोकळा शॉट न मारणाराही बचावाचं काम सोपं करून देतो. बेंचवर असताना मोबाइल किंवा गॅलरी बघायची नाही. समोरच्या संघाचा खेळाडू कोणत्या हातानं आत घुसतो ते बघायचं. प्रशिक्षकानं अचानक विचारलं, "सात नंबर कुठून जातो?" आणि तुम्ही "उजवीकडून, सर" म्हणालात, तर बहुतेक वेळा तो तुमच्याकडे बघून म्हणतो, "ऊठ."

वही ठेवा

घरातल्या कुणीतरी, बहिणीनं, काकानं, आईनं सामन्यात वही घेऊन बसावं. स्कोअरबुकात न येणाऱ्या चार गोष्टी लिहायच्या: किती मिनिटं आत होता, बॉल किती वेळा गमावला, किती वेळा समोरच्याचा पास हाताला लागून बिघडवला, आणि तो आत असताना दोन्ही संघांचे गुण किती झाले. तो आत असताना आपले १२ आणि त्यांचे ८ झाले तर अधिक चार. दहा सामन्यांची अशी नोंद झाली की जे दिसतं ते कधी कधी धक्का देतं. वीस गुण करणारा पोरगा आत असताना संघ मागे पडत असतो आणि सहा गुणवाला असला की पुढे जातो. वरच्या संघांचे प्रशिक्षक हेच बघतात, आपणही आधीपासून बघायला हरकत नाही.

शिड्या दोन आहेत, दोन्हींवर पाय ठेवा

एक शिडी सरकारी, शालेय स्पर्धांची: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. क्रीडा खात्याच्या हिशेबात मराठवाड्याचे छत्रपती संभाजीनगर आणि लातूर असे दोन विभाग होतात, त्यामुळे आपला जिल्हा कोणत्या विभागात येतो ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जून-जुलैमध्येच विचारून ठेवा. दुसरी शिडी संघटनेची. जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून राज्याच्या संघात, आणि तिथून बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाच्या वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांत. गावाकडची बहुतेक पोरं फक्त पहिलीच शिडी चढतात, कारण दुसरीची चाचणी कधी झाली ते कळतच नाही. जिल्हा संघटनेच्या सचिवांना महिन्यातून एक फोन करायचा. त्यात लाज कसली?

बारावीनंतर विद्यापीठाचा संघ. संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिवसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीसाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. आंतरविद्यापीठ स्पर्धा हे माझ्या मते मराठवाड्याच्या खेळाडूसाठी सगळ्यात कमी किमतीचं आणि सगळ्यात चांगलं दुकान आहे. रेल्वे आणि बँकांच्या संघांची माणसं तिथं खेळाडू बघायला येतात. कॉलेज निवडताना शेरडंमेंढरं हाकल्यासारखं मित्रामागे जाऊ नका. त्या कॉलेजचा संघ आहे का, कोर्ट रोज उघडतं का, आणि तुमच्या जागेवर आधीच कोण खेळतं, हे तीन प्रश्न विचारा.

मोठ्या संघाची बेंच की लहान संघाची तीस मिनिटं, हा प्रश्न हमखास येतो. सोळा ते एकोणीस या वयात मी डोळे झाकून मिनिटं घेईन. या वयात चुका खेळूनच सुधारतात. वीसच्या पुढे मात्र रोजचा सराव कुणाबरोबर होतो ते जास्त महत्त्वाचं. तेव्हा एक वर्ष बेंचवर काढून तगड्या खेळाडूंशी रोज धडका घेणं परवडतं.

तीन विरुद्ध तीनचा खेळ कमी लेखू नका. अर्धं कोर्ट, एक रिंग, दहा मिनिटं किंवा २१ गुण, शॉटला १२ सेकंद. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. संघात चारच खेळाडू, त्यामुळे बेंचवर एकटाच. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सामन्याचा तीन चतुर्थांश वेळ येतो. एकच रिंग धड असलेल्या तालुक्याला याहून सोयीचं काय असणार?

पैसे कुठून येतात

भारतात बास्केटबॉलवर पोट भरणं म्हणजे अजूनही मुख्यतः नोकरी. भारतीय रेल्वे आणि सेनादल राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांसारखेच स्वतंत्र संघ उतरवतात. ओएनजीसी, आयकर खातं, इंडियन ओव्हरसीज बँक यांचेही संघ आहेत. पगार खात्याचा, सराव संघाचा. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघापर्यंत गेली, तिच्या पिढीतल्या कितीतरी मुलींना रेल्वेनं उभं केलं. मुलीच्या खेळाला घरून विरोध होत असेल तर ही गोष्ट आजीसमोर जरूर सांगा.

लीगचं तसं नाही. यूबीए ही लीग २०१५ मध्ये आली आणि दोन-तीन वर्षांत थांबली. इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये २०२३ च्या जानेवारीत सहा शहरांचे संघ उतरले, त्यात मुंबई टायटन्स होता. लीगमध्ये जरूर खेळावं, ओळख होते, चार पैसे मिळतात. त्या भरवशावर संसार मांडू नये.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. दोन्हींसाठी कागद लागतात. मूळ प्रमाणपत्रासोबत स्पर्धेचं पत्र, संघाची यादी आणि निकाल एका फायलीत ठेवा, कारण नोकरीच्या वेळी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी होते आणि आठ वर्षांपूर्वीचा निकाल तेव्हा शोधायला गेलं की कुणाकडेच सापडत नाही. जन्मतारीख खरी ठेवा. वय चोरून चौदाच्या गटात खेळवलेला पोरगा लहान मुलांवर दादागिरी करून जिंकायला शिकतो, आणि सतराव्या वर्षी समोर बरोबरीचे आले की कोसळतो. पकडला गेला तर बंदी वेगळीच.

आणि पैसे भरून संधी देणाऱ्यांपासून लांब राहा. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं परदेशी लीगची चाचणी म्हणून एका दलालाला तुरीचे सगळे पैसे दिले. चाचणी झालीच नाही, फोनही लागेना. ज्याला तुम्ही खेळायला हवे असता तो तुमच्याकडून पैसे घेत नाही. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेत निवड झालेल्या खेळाडूंना तर उलट महिन्याला १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात.

शरीर

हे थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी साडेपाच ते साडेसात, त्यानंतर सिमेंटचं कोर्ट तापतं. पळण्याचे बूट घालून खेळू नका, घोट्याला आधार असलेले घ्या, नाहीतर घोटा मुरगळणार हे ठरलेलं. मुलींना गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून उडी मारल्यावर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरण्याचा सराव रोज दहा मिनिटं. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, दही, अंडी एवढं पोटभर मिळालं तरी पुष्कळ आहे. जिममधल्या कुणी दिलेली पावडर घेऊ नका. सतनाम सिंग २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत अडकला आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. डब्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नसेल तर डबा उघडायचाच नाही.

कोणत्या वयाला काय तपासायचं

सतराव्या वर्षी: विभागाच्या संघात पहिल्या आठात आहे का? एकोणिसाव्या वर्षी: राज्याच्या शिबिराला बोलावणं आलं का? एकविसाव्या वर्षी: विद्यापीठाच्या संघात वीस मिनिटांच्या पुढे खेळतो का? तिन्हींची उत्तरं हो असतील तर खात्यांच्या संघांच्या चाचण्या एकही न चुकवता द्या. मुंबईची चाचणी असली की देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट आधीच काढा आणि आदल्या दिवशी पोहोचा. रात्रभर जनरल डब्यात उभं राहून आलेल्या पोराची उडी चार बोटं कमी भरते, हे मी खडूच्या खुणेवर पाहिलेलं आहे.

एखादं उत्तर नाही असेल तर वही काढा, कुठली मिनिटं का गेली ते बघा, एक वर्ष द्या. तेविसाव्या वर्षीही तिन्ही नाही असतील तर शिक्षण आणि नोकरी पुढे घ्या आणि खेळ संध्याकाळी ठेवा. पंचाची परीक्षा द्या, किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या प्रशिक्षण अभ्यासक्रमाची चौकशी करा. आपल्या आठही जिल्ह्यांत रिंगा बऱ्याच आहेत, पण डाव्या हातानं ड्रिबल शिकवणारे फार थोडे.

परवा ज्या वडिलांनी विचारलं होतं, त्यांना मी रविवारी सकाळी सहाला टेप, खडू आणि शंभर पानी वही घेऊन यायला सांगितलंय.